जुई पुसून जिंकलेली लढाई

खुर्च्या मागे घ्या आणि टेबलाभोवती उभे राहा. मोबाइल खिशातच राहतील. मध्ये कुणी बोलायचं नाही. ज्याला काही विचारायचं असेल त्याने माझं बोलणं संपल्यावर विचारावं.

असईची लढाई टेबलावर मांडायची, दोन्ही बाजूंच्या पलटणी उभ्या करायच्या, फासे टाकून त्या हलवायच्या आणि प्रदर्शनाला येणाऱ्या लोकांना ती खेळून दाखवायची, ही कल्पना तुमची. ती मला आवडली होती. आपल्याच जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली ही लढाई इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक आजही आपापल्या टेबलांवर मांडून खेळतात. असईपासून हजारो कोस लांब राहून ते केळणा नदीचं वळण जमवायचा प्रयत्न करतात. आपल्या मुलांनी ही लढाई मांडली तर ती सगळ्यांपेक्षा खरी होईल, अशी माझी खात्री होती. म्हणूनच आज मी गोड बोलणार नाही.

समोर काय आहे ते तुमच्याच डोळ्यांनी पुन्हा पाहा. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर मधोमध दीड फूट उंचीचा थर्मोकोलचा टोकदार डोंगर आहे. टोकावर कापूस चिकटवून बर्फ केला आहे. अंगावर पाकिटातून मागवलेली नाताळची सूचिपर्णी झाडं खोचली आहेत. पायथ्याच्या गावाला लाल कौलांची छपरं आहेत. नदी निळ्याशार ऑइलपेंटची आहे, आणि ती एकच आहे. भोकरदन तालुक्यात बर्फ पडलेला कुणी पाहिला? देवदाराची रांग कुणाच्या बांधावर आहे? तुमच्यातले निम्मे शेतकऱ्यांच्या घरचे. रोज ज्या मातीवरून चालत शाळेत येता ती माती टेबलावर आणायची वेळ आली, आणि तुम्हाला आठवलं ते कॅलेंडरवरचं स्वित्झर्लंड. याची मला चीड आहे.

आता गणित करू. गणितात तुम्ही कच्चे नाही, आळशी आहात. प्रमाण काय धरलं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही एकमेकांकडे पाहिलंत. मी सांगतो. आठ फूट म्हणजे साधारण २४४ सेंटिमीटर. यात पावणेपाच-पाच किलोमीटर लांबीचं मैदान बसवायचं तर प्रमाण १:२००० धरावं लागतं. या प्रमाणात टेबलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २० मीटर. तुमचा डोंगर ४५ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे तो ९०० मीटर उंच झाला. देवगिरीचा किल्ला ज्या डोंगरावर आहे तो पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उठतो, आणि त्याच्याकडे पाहताना आपली मान वर होते. तुम्ही असईच्या सपाट शिवारात चार देवगिरी एकावर एक रचले. प्रमाण न धरता उभं केलेलं असलं काम कागदाच्या एका घडीवर तपासता आलं असतं. तपासलं नाही.

शिपाई मोठे आहेत, मग डोंगर मोठा का चालत नाही, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. तो योग्य प्रश्न आहे. असल्या खेळात शिपाई जमिनीच्या प्रमाणात करता येत नाही. १:२००० मध्ये माणूस एक मिलिमीटरसुद्धा भरणार नाही. म्हणून एक शिपाई म्हणजे वीस, तीस, पन्नास माणसं असं धरतात आणि त्याला दिसेल एवढा मोठा करतात. ही सर्वांनी मान्य केलेली सूट आहे. पण सूट शिपायाला आहे, जमिनीला नाही. दोन नद्यांमधलं अंतर, गावापासून नदीच्या उताराचं अंतर, तोफेच्या गोळ्याची पोहोच, हे सारं जमिनीच्या मापातच राहावं लागतं. चढ डोळ्याला जाणवावा म्हणून उंची दुप्पट-तिप्पट करायचीही रीत आहे, पण ती किती पट केली हे शेजारी फलकावर लिहायचं असतं. आणि झाडाचं माप शिपायाशी जुळवायचं. तुमचा शिपाई दोन सेंटिमीटरचा आहे. तो साडेपाच फुटी माणूस धरला तर वीस फुटी बाभूळ सात सेंटिमीटरची हवी आणि पन्नास फुटी वड अठरा सेंटिमीटरचा हवा. तुम्ही ठेवलेला वड शिपायाच्या खांद्याला लागतो. वडाखाली पलटण विसावते हे ज्याला दिसायला हवं, त्याला तिथे तुळस दिसेल.

हे सगळे दोष मी एक वेळ पोटात घालीन. कापूस उपटून टाकता येतो, झाडं बदलता येतात. पण तुम्ही एक नदी पुसलीत, ते मी पोटात घालणार नाही.

असईच्या मैदानात दोन नद्या आहेत. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. इंग्रजी कागदांत त्या कैलना आणि जुआ अशा येतात. पूर्वेकडे जाताना दोन्ही एकमेकींच्या जवळ येतात आणि मधली जमीन जिभेसारखी निमुळती होत जाते. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांचं सैन्य केळणेच्या उत्तर काठाने, भोकरदनच्या बाजूपासून असईपर्यंत पसरलेलं होतं. कवायती पायदळच दहा हजारांच्या वर, शंभरावर तोफा आणि त्याखेरीज हजारोंचं घोडदळ. समोर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्याच्याकडचे सगळे मिळून दहा हजारांच्या आत, आणि प्रत्यक्ष नदी ओलांडून भिडलेले त्याहून बरेच कमी. त्यातही बहुसंख्य मद्रासकडचे आपलेच लोक होते, हेही विसरू नका.

एवढ्या मोठ्या घोडदळासमोर एवढं लहान सैन्य उघड्या मैदानात उभं राहिलं असतं तर चारही बाजूंनी वेढलं गेलं असतं. वेलस्ली उघड्या मैदानात उभा राहिला नाही. तो केळणेच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे सरकला आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेच्या पलीकडे नदी ओलांडून दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला. आता त्याच्या डाव्या हाताला केळणा होती, उजव्या हाताला जुई. दोन्ही बगला नद्यांनी राखल्या. मधला चिंचोळा पट्टा जेमतेम मैलभराचा, म्हणजे तुमच्या टेबलावर ८० सेंटिमीटरचा. मोठ्या सैन्याला मोठेपणा वापरायला जागाच उरली नाही. हे आहे असईचं मर्म, आणि ते जमिनीत आहे.

तुम्ही जुई काढलीच नाही. उत्तरेकडची बाजू मोकळी सोडली. मग खेळायला बसलात, घोडदळ उत्तरेकडून वळसा घालून आणलंत, कंपनीच्या पलटणी घेरल्यात आणि दर खेपेला मराठे जिंकले. त्या वेळी तुम्ही टाळ्या पिटत होता, मी दारात उभा होतो. मुलांनो, ती जीत तुमच्या शिंद्यांची नव्हती. ती तुमच्या चुकलेल्या प्लायची होती. जमीन बदलून मिळवलेल्या विजयाने कुणाचाही मान वाढत नाही.

आणि त्या खोट्या विजयामुळे कोण झाकलं गेलं, ते ऐका. वेलस्ली बगलेवर आला हे दिसताच शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आपली सबंध रांग काटकोनात फिरवली. दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली हजारो माणसं आणि तोफा पूर्वेकडे तोंड करून पुन्हा उभी राहिली, उजवं टोक केळणेवर आणि डावं टोक असई गावावर. शत्रू समोर असताना एवढी हालचाल करणं किती अवघड असतं, ते तुमच्या पीटीच्या तासाला चाळीस जणांची रांग वळवून पाहा. पोलमन नावाचा हॅनोव्हरचा अधिकारी हुकूम देत होता, पण वळले ते पाय आपल्या मुलुखातल्या माणसांचे होते. त्यांच्या तोफांनी कंपनीच्या फौजेत इतका कहर केला की मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा दीड हजारांच्या वर गेला. असईच्या दिशेने भरकटलेल्या तुकड्या तर जवळजवळ कापल्या गेल्या. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. शत्रूची रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले काही जण उठले आणि त्यांनी तोफा उलट्या फिरवून पाठीमागून मारा केला. लढाईअखेर ९८ तोफा कंपनीच्या हाती गेल्या. त्या तोफांजवळ पडलेल्या माणसांना तुमच्या कापसाच्या बर्फाची आणि फुकटच्या विजयाची गरज नाही. ते कुठे उभे होते, त्यांच्यासमोर किती मोकळी जमीन होती, गाव कुठे संपत होतं, हे नीट दाखवलंत तर त्यांचं शौर्य आपोआप दिसेल.

आता उताराकडे या. नदी ओलांडायला जागा नाही, असं वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं. त्याने समोर पाहिलं. नदीच्या अल्याड एक गाव, पल्याड दुसरं, इंग्रजी कागदांत पीपळगाव आणि वारूर अशी त्यांची नावं आली आहेत. समोरासमोर, इतकी जवळ. दोन काठांवर अशी गावं वसली म्हणजे लोक एकमेकांकडे जात-येत असणार, आणि जात-येत असतील तर उतार असणारच. एवढ्या एका निरीक्षणावर त्याने सैन्य तिकडे वळवलं, आणि उतार सापडला. तो नीट राखलेला नव्हता. पुढे वॉटर्लू जिंकल्यानंतरही या माणसाला आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं, तेव्हा त्याने असईचं नाव घेतलं असं सांगतात. परका माणूस आपल्या मुलखात येतो, गावं कशी वसली आहेत हे पाहून नदीचा स्वभाव ओळखतो, आणि आपण इथेच जन्मून पाकिटातली झाडं मागवतो. मला राग या गोष्टीचा आहे. शत्रूकडून शिकायला कमीपणा नाही. न पाहता राहण्यात आहे.

या दोन गावांपैकी एकही तुमच्या टेबलावर नाही. ज्या दोन गावांवर लढाई फिरली ती गाळली, आणि जो डोंगर तिथे नाहीच तो मधोमध उभा केला.

आपल्या बदनापूरचा या लढाईशी काय संबंध, हे तुमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. २१ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि कंपनीच्याच दुसऱ्या फौजेचा कर्नल स्टीव्हन्सन या दोघांची भेट बदनापुरातच झाली. दोघांची सैन्यं मिळून २४ तारखेला भोकरदनजवळ हल्ला करायचा, हे ठरलं ते इथे. बदनापूर आणि जालना यांच्या मधल्या डोंगरांमुळे सगळी फौज एका वाटेने नेणं सोयीचं नव्हतं, म्हणून वेलस्ली पूर्वेच्या वाटेने आणि स्टीव्हन्सन पश्चिमेच्या वाटेने निघाला. २३ तारखेला वेलस्ली नळणीजवळ पोहोचला तेव्हा त्याला कळलं की मराठ्यांचं सैन्य भोकरदनला नाही, बरंच अलीकडे आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दुपारी लढाई घेतली. म्हणजे ही लढाई ज्या दिवशी आणि ज्या तऱ्हेने झाली, त्यामागे आपल्या उशाशी असलेले डोंगर आहेत. जालन्याला जाताना बसच्या खिडकीतून ते रोज दिसतात. तुमच्या टेबलाच्या कडेला त्यांची एक रेघसुद्धा नाही.

आणि ते दिसतात कसे? टोकदार? नीट आठवा. आपले डोंगर माथ्यावर सपाट असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्यातून हा दख्खनचा काळा पाषाण झाला. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याच्या पायाशी पट्टा तयार होतो, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर जातो आणि वर पठार होतं. अजिंठ्याच्या रांगेपासून सह्याद्रीपर्यंत हेच. आपल्या गडांना माची आणि बालेकिल्ला मिळाला तो याच घडणीमुळे. पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवण्याची साधी रीत या डोंगरांना जितकी शोभते तितकी आल्प्सला शोभणार नाही. तुमच्या हाताशी सगळ्यांत सोपी रीत होती, आणि तुम्ही थर्मोकोल तासत बसलात.

थर्मोकोलचंही सांगून टाकतो. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली. ती तुम्ही का मोडलीत, याचा जबाब वेगळा घेईन. तापलेल्या तारेने तो कापताना जो धूर निघतो तो छातीत जातो, आणि बंद खोलीत तुम्ही तेच करत होता. वरून स्प्रेचा रंग मारलात. त्या रंगातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळतो, म्हणून डोंगराच्या मागच्या बाजूला भोकं पडली आणि ती झाकायला तुम्ही आणखी झाडं खोचलीत. चूक झाकायला झाड लावायचं नसतं. झाड जिथे उगवतं तिथे लावायचं असतं.

तुम्ही हे कधी केलंच नाही असंही नाही. लहानपणी दिवाळीत तुमच्यातल्या कित्येकांनी अंगणात किल्ला केला आहे. दगड-विटा रचल्या, गोणपाट भिजवून टाकलं, चिखल थापला, अळीव आणि मोहरी पेरून हिरवळ उगवली, मातीचे मावळे बाजारातून आणले आणि बुरुजावर नेऊन ठेवले. चिखल कुठे टिकतो, कुठे घसरतो, पाणी कुठून वाहतं, हे तेव्हा तुमच्या हातांना कळत होतं. आता बाजारात प्लास्टरचा आयता किल्ला मिळतो, तो आणून ठेवायचा आणि फोटो काढायचा. आणि तुम्ही त्या आयत्या सवयीच्या आहारी गेलात. हाताला जे येत होतं ते तुम्ही विसरलात. मोठं झाल्यावर कौशल्य वाढायला हवं होतं.

विल्यम सायबर्न नावाचा एक इंग्रज लेफ्टनंट होता. वॉटर्लूच्या लढाईत तो स्वतः नव्हता. १८३० मध्ये त्याला त्या लढाईची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो मैदानावर गेला, तिथल्या ला हे सांत नावाच्या शेतवाड्यात आठ महिने राहिला आणि सारी जमीन मोजून काढली. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं की तुमची पलटण नेमकी कुठे होती, शत्रू कुठे होता, आणि शेतात कोणतं पीक उभं होतं. पीकसुद्धा विचारलं. कारण राय (rye) धान्याच्या उंच पिकात उभ्या माणसाला काय दिसतं आणि नांगरलेल्या रानात काय दिसतं, यात फरक असतो. मध्येच सरकारी पैसा थांबला, तरी त्याने कर्ज काढून काम पुरं केलं. १८३८ मध्ये ते लंडनमध्ये लोकांसमोर आलं, हजारो इवल्या शिपायांसह, आणि आज तिथल्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. त्याला साक्षीदारांना विचारणं भागच होतं, कारण वॉटर्लूच्या मैदानात त्याआधीच सिंहाच्या पुतळ्यासाठी मातीची मोठी टेकडी उभारली गेली होती आणि त्यासाठी त्याच मैदानातली माती खणली गेली होती. जमीन बदलते. असईची जमीनही बदलली आहे. बांध पडले, विहिरी झाल्या, जुईवर धरण झालं, गावं पसरली. पूर्वी काय होतं हे सांगणारी जुनी माणसं आहेत तोवर त्यांना विचारायला हवं. सायबर्नने परक्या देशात आठ महिने काढले. बदनापूरहून असई सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. तुमच्यापैकी एकानेही एक रविवार दिला नाही.

जमिनीचं हे काम म्हणजे पोरखेळ, असं कुणाच्या मनात असेल तर ते काढून टाका. प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी लढाईचा खेळ तयार केला. बापाने १८१२ मध्ये राजाला दाखवायला जे टेबल केलं त्यावर डोंगर, नदी, रस्ते यांचे सुटे ठोकळे होते, आणि १८२४ पासून मुलाच्या खेळावर तिथले लष्करी अधिकारी शिकू लागले. आपल्या लष्करातही हल्ल्याचे हुकूम देताना वाळूत जमीन मांडून दाखवतात. त्या वाळूत नाला चुकला तर उद्या तिथे माणूस मरतो. तुमच्या टेबलावर कुणी मरणार नाही, पण बघायला आलेलं सहावीतलं पोर हीच जमीन खरी समजून घरी जाईल. त्याला तुम्ही आयुष्यभराचा खोटा नकाशा दिलेला असेल.

आता काय करायचं ते लिहून घ्या.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा मी आणून देतो. त्यात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने आहेत. आपलं प्रमाण १:२०००, म्हणजे नकाशा पंचवीस पट मोठा करायचा. तुमच्या सबंध टेबलावर नकाशाचा जेमतेम १० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद तुकडा येईल. एक सेंटिमीटरच्या चौकटी आखा, प्लायवर २५ सेंटिमीटरच्या चौकटी आखा, आणि एकेक चौकट उतरवा. आधी दोन्ही नद्या. मग गावं. मग समोच्च रेषा, त्या फार थोड्या येतील. त्या थोड्या येतात हेच लोकांना दिसू द्या. उंची तिप्पट करू, म्हणजे २० मीटरला ३ सेंटिमीटरचा पुठ्ठा, आणि हे फलकावर लिहू.

पुठ्ठ्याच्या थरांवर वर्तमानपत्राचा लगदा थापा. नुसती काळी माती लावू नका, ती वाळली की भेगाळते, हे तुम्हाला शेतात दिसतंच. माती चाळून, लगद्यात आणि पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून पातळ हात द्या, वाळू द्या, दुसरा हात द्या. चढावर मुरमाचा तांबूस रंग, खाली काळी जमीन. नद्यांचे काठ खोल कापा, ओघळ आणि नाले दाखवा, कारण तोफा ओढणाऱ्या बैलांना तेच आडवे येतात. पाणी गढूळ करा. सप्टेंबर आहे, पाऊसकाळ आहे, नदी निळी नसते. जिथे उतार आहे तिथे पाणी उथळ आणि तळ दिसेल असं करा.

घरं मातीच्या भिंतींची, धाब्याची. पांढऱ्या मातीने सारवलेली सपाट छपरं. आपल्या आजोळी अजून अशी घरं उभी आहेत, मापं तिथून घ्या. असईत घरांच्या आणि भिंतींच्या आडोशाने पलटणी लढल्या. गाव उघडं कौलारू करून चालणार नाही.

झाडांसाठी दुकानात जायचं नाही. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं नाव तुरीच्या वाणांमुळे महाराष्ट्रभर आहे, बीडीएन-७११ कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्या तुरीची मळणी झाल्यावर तुराट्यांचे ढीग सरपणाला पडतात. त्यांच्या शेंड्याच्या फांद्या पाहा, निसर्गानेच लहान झाड करून ठेवलं आहे. पऱ्हाटीची मुळं उलटी धरली तर जुन्या वडाचा विस्तार मिळतो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेली तांब्याची तार मिळते. दहा-बारा तारा एकत्र पिळा, वरून फांद्या सोडवा, बाभळीचा सांगाडा तयार. पानांसाठी वखारीतला भुसा चाळून रंगवा. सगळ्या झाडांना एकच हिरवा चोपडायचा नाही. बाभळीचा विरळ, पिवळसर. आंब्याचा गडद, गच्च. कडुनिंबाचा मधला. बाभूळ वर पसरते, आंबा गोल घेर धरतो, हिवर बांधावर वाकडा वाढतो. झाड लावण्याआधी ते खऱ्यात कुठे उभं असतं हे पाहा. बाभूळ नाल्याकाठी आणि बांधावर, वड-पिंपळ गावाच्या पाराला, उघड्या माळावर झाडं थोडीच.

या रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने असईला जायचं. पालकांची परवानगी शुक्रवारी माझ्या टेबलावर. चौघे केळणेच्या काठी, चौघे जुईच्या काठी, बाकीचे गावात. काठ किती खोल, तिथून पलीकडे किती दूर दिसतं, कोणती झाडं, कोणतं पीक, हे वहीत लिहायचं. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना नमस्कार करून बोलायचं, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, आणि कुणाच्याही उभ्या पिकातून चालायचं नाही.

तोवर हा डोंगर मोडा. आज, माझ्यासमोर. ज्यांनी तो केला त्यांनीच मोडायचा, दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं नाही. थर्मोकोल गोळा करून मुख्याध्यापकांकडे जमा करा, जाळायचा नाही. प्रदर्शनाची तारीख पुढे ढकलली जाणार नाही. वेळ पुरला नाही तर अर्धं मैदान दाखवू, पण ते खरं असेल.

आणि एक शेवटचं. नवं मैदान तयार झालं की पुन्हा खेळा. दोन्ही नद्या असतील, उतार असेल, बेचकं असेल. बहुधा मराठे हरतील. तेव्हा टेबल सोडून जायचं नाही. मग मला सांगायचं की तो उतार कुणी, किती माणसांनी आणि कुठे राखायला हवा होता. ज्या दिवशी तुम्ही हे जमिनीकडे बोट दाखवून सांगाल, त्या दिवशी तुम्हाला शाबासकी मिळेल. आज नाही.

आता ज्याला विचारायचं असेल त्याने विचारावं.